पार्श्वभूमी : मेरुरज्जूची दुखापत, आतड्याची गती आणि बोटाने मल काढण्याचा वाद

मेरुरज्जूला इजा झाली की आतडेही पायांसारखे लुळे पडते, ही समजूत चुकीची आहे आणि उपचारांतला बराच घोळ तिच्यातूनच निर्माण झाला आहे. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशींचे स्वतःचे जाळे असते. बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी आतडे अन्नाला पुढे ढकलणारी लाट निर्माण करू शकते, हे लंडनमधील दोन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १८९९ सालीच दाखवून दिले होते. शिवाय जठर आणि लहान आतडे यांच्याकडे जाणारी व्हेगस नस मेंदूतून निघून मेरुरज्जूच्या बाहेरूनच जाते. म्हणून दुखापतीनंतरचे पहिले काही दिवस आतड्यांची हालचाल थंडावून पोट फुगते, परंतु तो काळ ओसरल्यावर अन्नाचे पचन आणि शोषण बव्हंशी चालू राहते, मान किंवा छातीच्या वरच्या भागातील इजेत जठर थोडे संथ रिकामे होते इतकेच. खरी अडचण शेवटच्या टप्प्यात असते : मोठ्या आतड्याचा डावा भाग, मलाशय आणि गुदद्वाराचे स्नायू.

वैद्यकाने या अडचणीकडे उशिरा पाहिले, कारण त्याआधी रुग्ण जगतच नसत. सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधील एका वैद्यकीय लेखात मानेचा मणका निखळलेल्या माणसाविषयी ‘यावर उपचार करू नये’ असा निर्णय नोंदलेला आहे. पहिल्या महायुद्धातही असे बहुतेक सैनिक शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळे दगावले. इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर येथे १९४४ साली सुरू झालेल्या विभागाने कूस बदलणे, मूत्राशयाची निगा आणि नियमित दिनक्रम यांवर भर दिला आणि माणसे वर्षानुवर्षे जगू लागली, तेव्हा शौचाचा प्रश्न रोजचा प्रश्न म्हणून समोर आला.

पुढच्या दशकांत दुखापतीच्या जागेनुसार दोन प्रकार स्पष्ट झाले. मेरुरज्जूचे खालचे टोक साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. इजा त्याच्या वर असेल तर मलविसर्जनाची प्रतिक्षिप्त क्रिया शिल्लक राहते, फक्त तिच्यावर इच्छेचा ताबा उरत नाही; मग जेवणानंतर अर्ध्या तासाने, रोज एकाच वेळी, सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची औषधी वडी) किंवा बोटाच्या हलक्या उत्तेजनाने ती जागवता येते. इजा त्या टोकाला किंवा त्याखाली असेल तर ही क्रियाच नाहीशी होते, गुदद्वार सैल पडते आणि मल बोटाने काढण्यावाचून बहुधा मार्ग राहत नाही. आपल्याकडे बद्धकोष्ठ म्हटले की कोंडा आणि इसबगोल पुढे केले जाते, पण येथे तो सल्ला सरसकट लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियात १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अकरा रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात कोंडा वाढवल्यावर मोठ्या आतड्यातून मल सरकण्याचा सरासरी वेळ सुमारे २८ तासांवरून ४२ तासांवर गेला होता.

सर्वाधिक गोंधळ झाला तो मात्र बोटाच्या वापराविषयी. इंग्रजीत या कृतींना ‘डिजिटल’ म्हणतात, आणि मराठी वाचकाला त्या शब्दाने संगणक आठवतो. येथे तो शब्द बोटासाठी आहे. त्यातही दोन वेगळ्या कृती एकाच नावाखाली मिसळल्या जातात. पहिल्या कृतीत हातमोजा घातलेले, वंगण लावलेले बोट मलाशयात हलकेच गोल फिरवून प्रतिक्षिप्त क्रिया जागवली जाते. दुसऱ्या कृतीत साठलेला मल प्रत्यक्ष काढला जातो. पहिली कृती सैल गुदद्वाराच्या रुग्णाला निरुपयोगी ठरते, आणि दुसरीला पर्याय नसताना ती नाकारली तर रुग्ण धोक्यात येतो.

ब्रिटनमध्ये नेमके हेच घडत होते. सर्वसाधारण रुग्णालयांत ही कृती जुनाट, इजा करणारी किंवा रुग्णाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी मानली जाऊ लागली आणि आपल्याला ती करण्याची परवानगीच नाही, असा अनेक परिचारिकांचा समज झाला. परिणामी वर्षानुवर्षे घरी व्यवस्थित दिनक्रम पाळणारी व्यक्ती दुसऱ्याच कारणासाठी दाखल झाली की तिचे पोट कित्येक दिवस साफ होत नसे. हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हता. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा तिच्या वर इजा असलेल्या व्यक्तीत तुंबलेल्या मलाशयामुळे रक्तदाब अचानक भडकतो, डोके ठणकते, घाम फुटतो आणि वेळीच कारण दूर केले नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा रुग्णांचा नेहमीचा रक्तदाब कमी असल्याने इतरांना सामान्य वाटणारा आकडाही त्यांच्यासाठी धोक्याचा असतो.

इंग्लंडमधील रुग्णसुरक्षेच्या यंत्रणेने २००४ साली ही काळजी नाकारणे धोकादायक असल्याचे लेखी कळवले. त्यानंतर कृतीचे नावही हळूहळू बदलत गेले, आणि ‘हाताने रिकामे करणे’ या अर्थाच्या जुन्या शब्दांऐवजी ‘बोटाने मल काढणे’ हा नेमका शब्दप्रयोग रूढ झाला. तरीही जुलै २०१८ मध्ये त्याच विषयावर पुन्हा सूचना काढावी लागली. चौदा वर्षांनंतरही तेच सांगावे लागले, याचा अर्थ पहिला निर्णय कागदावर योग्य होता, परंतु कोणत्या वॉर्डात कोणाला हे काम शिकवायचे, हे ठरवण्याचे काम राहून गेले होते. प्रतिष्ठेच्या नावाखाली आवश्यक शुश्रूषा थांबवणे ही त्या व्यक्तीची अवहेलनाच होती, असे मला वाटते.

दरम्यान पर्याय वाढले. गुदद्वारातून पाणी सोडून मोठे आतडे धुण्याच्या पद्धतीची पाच युरोपीय देशांतील ८७ रुग्णांवर दहा आठवडे तुलना झाली आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नेहमीच्या उपायांपेक्षा तिच्यामुळे बद्धकोष्ठ आणि नकळत मल जाणे या दोन्ही तक्रारी कमी झालेल्या आढळल्या. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका क्वचित असला तरी असतो, म्हणून ती प्रशिक्षणाशिवाय सुरू करत नाहीत. कोलोस्टोमीकडेही (मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढून मल पिशवीत घेण्याची शस्त्रक्रिया) आता केवळ अखेरचा उपाय म्हणून पाहिले जात नाही, कारण शौचासाठी रोज कित्येक तास घालवणाऱ्या काहींना तिने तो वेळ परत मिळवून दिला आहे. परंतु मानेच्या इजेमुळे ज्यांचे हातच चालत नाहीत, त्यांना यांपैकी कोणत्याही मार्गात दुसऱ्याच्या हातांची गरज उरते, आणि आपल्याकडे ते हात बहुतेक वेळा आईचे किंवा बायकोचे असतात.