रात्री दहाची भैरवी

मंडपातल्या घड्याळात पावणेदहा झाले की स्टेजच्या कडेला उभा असलेला कार्यकर्ता चुळबुळायला लागतो. गायक द्रुत लयीत रंगलेला असतो. तबलजीकडे एक चिठ्ठी सरकते. तो ती डोळ्याखालून घालतो, मांडीखाली ठेवतो आणि गायकाकडे बघून नुसती मान हलवतो. तिहाई, टाळ्या, आणि टाळ्या विरायच्या आत भैरवी. दहाच्या ठोक्याला माइक बंद.

भैरवी ही रागिणी मुळात सकाळची. मैफली उजाडेपर्यंत चालायच्या म्हणून ती शेवटी येऊ लागली आणि मग शेवटाचीच खूण होऊन बसली, अशी जाणकारांची उपपत्ती. ती आता जेवणाच्या वेळेला ऐकावी लागते. असं का झालं हे समजून घ्यायचं, तर दोन गोष्टींचा माग काढावा लागतो. एक लाउडस्पीकर, दुसरी त्याच्यावरचा कायदा.

दरबारात आणि वाड्यातल्या बैठकीत हा प्रश्नच नव्हता. ऐकणारे पन्नास-शंभर, गाणारा हाताच्या अंतरावर, आणि उठायचं कधी ते यजमान ठरवणार. १८७०च्या दशकात मुंबई-पुण्यात गायनसभा निघाल्या, १८७५ पासून जालंधरला संगीताचा वार्षिक मेळा भरू लागला, १९०१ मध्ये लाहोरला लोकांच्या वर्गणीवर चालणारं गायनविद्यालय उघडलं, १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय परिषद झाली. गाणं तिकिटावर आलं ते याच काळात. महाराष्ट्रात त्याला आणखी एक बळ मिळालं, ते संगीत नाटकाचं. रात्रभर चालणाऱ्या नाटकांनी इथल्या माणसाला जागून ऐकायची सवय लावली. बिनमाइकच्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारे गायकही त्याच तालमीतले.

पण उघड्या मैदानात हजारो माणसांना ख्याल ऐकवणं नुसत्या गळ्याचं काम नव्हे. ते शक्य केलं ध्वनिक्षेपकानं. माइक आला तसा आवाज लावायची पद्धत बदलली, मंद्रातली, म्हणजे खालच्या सप्तकातली, कुजबुज मागच्या सतरंजीपर्यंत पोचू लागली आणि बैठकीचा मंडप झाला. १९५३ मध्ये पुण्यात एका गुरूच्या पहिल्या पुण्यतिथीला सुरू झालेला डिसेंबरातला महोत्सव याच वळणावरचा. आधीच्या वर्षी, १९५२ मध्ये, कोलकात्यातलं रात्रभराचं संमेलन सुरू झालं होतं. त्याच वर्षी आकाशवाणीनंही शनिवार रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम चालू केला. म्हणजे ज्यांना दरबाराचं दार कधी दिसलं नसतं, ते पाच-सात वर्षांत चोखंदळ श्रोते होऊन बसले.

त्या रात्रींचं वर्णन घरोघरी एकच असतं, ते खोटं असायचं कारण नाही. शाली, घोंगड्या, थर्मास, मधेच बाहेर जाऊन चहा, आणि तीनच्या सुमाराला खांबाला टेकून घोरणारा एखादा काका, जो बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, जागा होतो. थंडी उतरली की तंबोऱ्याच्या तारा सुरातून हलायच्या. मग मणके सरकवत, जवारीवरचा, तारेखालचा दोरा बोटाच्या अग्रानं किंचित पुढेमागे करत जुळवाजुळव चालायची, आणि ती जुळवणीसुद्धा लोक कान देऊन ऐकायचे. सर्वांत ज्येष्ठ गायक शेवटी, पहाटे. मान त्या जागेला होता.

१४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारनं ध्वनिप्रदूषणाचे नियम अधिसूचित केले. त्यांनी रात्र म्हणजे दहा ते सहा अशी ठरवली आणि त्या वेळात ध्वनिक्षेपकाला बंदी घातली. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. साधं बोलणं साठाच्या आसपास जातं. २००२ मध्ये दुरुस्ती झाली : सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत मोकळीक देऊ शकेल. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्रीच्या बंदीवर शिक्कामोर्तब केलं आणि ऑक्टोबरात पंधरा दिवसांची सवलतही वैध ठरवली, मात्र ती वाढवायची नाही असं बजावून.

न्यायालयापुढची मूळ याचिका संगीताबद्दल नव्हती. लाउडस्पीकरच्या गोंगाटात एका मुलीच्या मदतीच्या हाका कुणाला ऐकू आल्या नाहीत, अशा बातमीतून ती उभी राहिली होती. तेव्हा ‘कायद्याला कलेचं वावडं’ हे रसिकांचं ठरलेलं वाक्य जरा जपूनच वापरावं. मंडपाशेजारच्या इमारतीत परीक्षेचा अभ्यास करणारं पोर आणि दम्याचा रुग्ण यांनाही रात्र असतेच. विलंबित एकताल आणि वरातीची डीजे-भिंत यांना एकाच मापानं मोजलं गेलं हे मात्र खरं आणि खटकणारं. कायद्याच्या भाषेत दोन्ही ‘ध्वनिक्षेपण’.

सगळा गुंता अडकला तो ‘बंदिस्त जागा’ या शब्दाशी. नियमानं सभागृहासारख्या बंदिस्त जागांना, आतल्या आत आवाज राहणार असेल तर, रात्रीच्या बंदीतून वगळलं आहे. मग मंडप कशात धरायचा? त्याला छत असतं, तिन्ही बाजूंनी कनाती असतात, तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. पण कापड आवाज अडवत नाही. शेजाऱ्याच्या खिडकीतून बघितलं तर तो उघडाच. काही आयोजक सुरुवातीला ‘मग आम्ही माइक बंद करून गाऊ’ असं म्हणत. २०१०च्या दुरुस्तीनं नियमाच्या शब्दांत वाद्यंही घातली आणि तीही वाट अरुंद झाली. कागदावर बघितलं तर उघड्या जागेत रात्री अकराला तंबोरासुद्धा प्रश्नांकित. अर्थात तंबोऱ्याच्या गुणगुणीवर पोलिसांत तक्रार करणारा शेजारी अजून जन्माला यायचाय.

‘सभागृहात जा’ हे उत्तर सोपं वाटतं. नाट्यगृहात रात्रीचा प्रयोग संपला की झाडलोट, दुसऱ्या दिवशी सकाळी बालनाट्य, आणि खुर्च्या हजारभर. शिवाय मांडी घालून, मधेच आडवं होऊन ऐकायची सोय नाही. कोलकात्याचं संमेलन सभागृहात भरतं, तिथं रात्रभराची सत्रं टिकली. महाराष्ट्रातल्या मोठ्या महोत्सवांनी मैदान सोडलं नाही आणि वेळ सोडली. दुपारी सुरुवात, दहाला समाप्ती, एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी. ते पंधरा दिवसही गणपती, नवरात्र, जयंत्या, नाताळ आणि ३१ डिसेंबर यांच्यात वाटले जातात. उरलेल्यातला एखादा पदरात पाडून घ्यायला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खेपा आल्याच.

नुकसान नेमकं कुठे झालं ते हिशेबानं दाखवता येतं. संगीताची रात्र तीन-तीन तासांच्या चार प्रहरांची, सहा ते सहा, बारा तास, आणि प्रत्येक रागाचा प्रहर ठरलेला. कायद्याच्या रात्रीनं त्यातले आठ घेतले. पहिला प्रहर पुरा वाचला, म्हणून यमन उदंड. दुसऱ्यातला एकच तास उरला : केदार, बिहाग, बागेश्री त्यातच दाटीवाटीनं बसतात. सवलतीच्या दिवशी हा प्रहर पुरा होतो. तिसरा आणि चौथा, म्हणजे दरबारी, मालकंस, अडाणा आणि मग सोहनी, परज, ललित, यांना मंडपात जागाच नाही. मारवा, पूरिया, श्री या कातरवेळेच्या रागांचं मात्र उखळ पांढरं झालं. पूर्वी मंडपात माणसं जमायची तीच त्यांची वेळ टळून गेल्यावर. दुपारच्या सत्रामुळे मुलतानी आणि भीमपलासही मोठ्या व्यासपीठावर आले. हा लाभ नोंदवायला रसिक विसरतात.

गायकांनी आपापल्या परीनं तोडगे काढले. कुणी साडेनऊला मालकंस गातं आणि दोन दिवस त्यावर कुजबुज चालते. वेळेचं बंधन हा संकेत आहे, स्वरांचा गुणधर्म नव्हे, असं म्हणणारे पूर्वीही होते. दक्षिणेतल्या कचेरीत, म्हणजे कर्नाटक संगीताच्या मैफलीत, वेळ इतकी काटेकोर पाळत नाहीत, हा त्यांचा हुकमी दाखला. तरीही ज्या माणसानं पहाटे चारला ललितमधले शुद्ध आणि तीव्र असे दोन मध्यम शेजारीशेजारी ऐकलेत, त्याला हा युक्तिवाद पटवणं अवघड.

पहाटेच्या मैफली वाढल्या त्या यातूनही. दिवाळी पहाट हा प्रकार आता गावोगावी रुजलाय, जरी त्यात ख्यालापेक्षा भावगीतच जास्त असतं. कायद्याची रात्र सहाला संपते. डिसेंबरात पुण्याला सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणून सहाच्या ठोक्याला सा लावला तर ललितला जेमतेम तास मिळतो. मे महिन्यात तेवढाही नाही. आणि दरबारीसाठी ही युक्ती चालत नाही. मध्यरात्र उगवायची वाट बघून भागत नाही, त्यासाठी कुणाच्या तरी दिवाणखान्यात, दारं लावून, बिनमाइकचं बसावं लागतं. ऐकणारे पन्नास-शंभर, गाणारा हाताच्या अंतरावर.