जुन्या टगबोटीची लग्झरी यॉट करताना खरी मारामारी वजनाशी असते

1957 मध्ये नेदरलँड्समध्ये किंडरडाइकला क्लाइड नावाची टगबोट बांधली गेली, बंदरातली छोटी टग नाही हं, भर समुद्रात वादळात अडकलेली जहाजं ओढून आणणारी दणकट बोट. तिची बहीण एल्बे पुढे ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेकडे गेली, आणि क्लाइडचं 2002 च्या सुमारास कन्व्हर्जन होऊन सीवुल्फ नावाची लग्झरी यॉट झाली. 1974 ची बर्फ फोडणारी सोव्हिएत टगसुद्धा अशीच नेदरलँड्समधल्याच हार्लिंगेनच्या यार्डात जाऊन 2016 ला लेजेंड नावाची 77 मीटरची यॉट बनून बाहेर पडली.

श्रीमंत माणूस नवी बोट सोडून जुनी टग का घेतो? कारण अंटार्क्टिकाला जायचं तर जाड स्टीलचा तळ आणि मोठ्या डिझेल टाक्या लागतात, आणि हे दोन्ही तिथे आधीच असतं. वेगाची कोणालाच घाई नसते, कारण लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 16 नॉटवरून (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) 12 वर आलं की निम्म्याहून कमी ताकदीत काम होतं आणि तेवढ्याच डिझेलमध्ये कितीतरी लांब जाता येतं.

अवघड भाग पुढे आहे. टगमध्ये जड इंजिनं अगदी तळाशी, वर फारसं काही नाही, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली असतो आणि लाटेने कलली की ती, तळाशी वजन असलेली बाहुली ढकलली तरी उभी राहते तशी, झटक्यात सरळ होते. सेफ आहे, पण आतल्या माणसाचे हाल! ठोकताळा असा की एका डोलण्याला लागणारे सेकंद म्हणजे रुंदीच्या 0.8 पट भागिले मेटासेंट्रिक हाइटचं वर्गमूळ (ही उंची म्हणजे बोट किती जोरात सरळ होऊ पाहते त्याचं माप). 12 मीटर रुंद बोटीत ही उंची सव्वादोन मीटर असेल तर साधारण साडेसहा सेकंद, एक मीटर असेल तर साडेनऊ. साडेनऊवाल्या बोटीत निवांत जेवता येतं.

मग वर डेक चढवा, जकुझी, हेलिकॉप्टर ठेवा, डोलणं आपोआप संथ होईल की. होतं, पण एका मर्यादेनंतर बोट सरळ व्हायला आळस करायला लागते, आणि ध्रुवाकडच्या थंडीत वरच्या भागावर फवाऱ्याचं पाणी गोठून टनांनी बर्फ साठतो तेव्हा ते जिवावर बेतू शकतं. स्विमिंग पूल तर दुहेरी त्रास, कारण बोट कलली की पाणीही त्याच बाजूला पळतं.

म्हणून डिझायनर वरच्या मजल्यांवर किलोकिलोसाठी भांडतात आणि मला या कामातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. संगमरवर पातळ कापून हलक्या हनीकोंब पॅनलवर (आतून मधाच्या पोळ्यासारखं पोकळ) चिकटवतात. वरचे मजले अल्युमिनियमचे करतात, पण अल्युमिनियम आणि स्टील नेहमीसारखं वेल्ड होत नाही, मग स्फोटाच्या दाबाने दोन्ही धातू आधीच जोडलेली पट्टी मध्ये घालायची, खालची कड स्टीलला, वरची अल्युमिनियमला. काम संपलं की माहीत असलेली वजनं डेकवर आडवी सरकवून लंबकाने बोट किती कलली ते मोजतात, त्यावरून खरा गुरुत्वमध्य निघतो. कागदावरच्या गणितापेक्षा या टेस्टवर माझा जास्त विश्वास आहे.

नांगर टाकल्यावरचं डोलणं कमी करायला तळाला हलणारे पंख बसवतात, ते बोट थांबलेली असतानाही पाण्यात फडफडतात.

विकायची वेळ आली की ब्रोकरच्या फोटोंपेक्षा सर्व्हेचा रिपोर्ट महत्त्वाचा. अल्ट्रासाउंडने प्लेट कुठे किती झिजलीय ते मोजतात. 12 पेक्षा जास्त प्रवासी न्यायचे तर आंतरराष्ट्रीय नियमात ती पॅसेंजर शिप होते आणि आगीपासून लाइफबोटीपर्यंत सगळं कडक होतं, ते नंतर करणं फार महाग पडतं. आणि विकत घेणाऱ्याने स्टॅबिलिटीची फाइल मागून घ्यावीच, कारण उद्या त्याला डेकवर छोटी पाणबुडी ठेवायची झाली तर तेवढं वजन तिथे चालेल का, हे त्यातूनच कळतं.