ई-इन्व्हॉइसच्या आधीची सत्तर वर्षं

चाकणचा एखादा सुट्या भागांचा कारखानदार आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बीजक बनवतो, छापतो आणि मालाबरोबर पाठवतो. माल घेणाऱ्याच्या ऑफिसात कुणीतरी तेच आकडे बघून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा भरतो. दोन्हीकडे संगणक आणि मधे कागद. हा कागद काढून टाकायची खटपट संगणक ऑफिसांत रुळण्याच्याही आधी सुरू झाली होती.

जून १९४८ मध्ये सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते आणि रेल्वेमार्ग अडवले. पुढचं वर्षभराहून अधिक काळ शहराला धान्य आणि कोळसा विमानांनी पुरवावा लागला, एकूण २३ लाख टन. मालाच्या याद्या वेगवेगळ्या भाषांत आणि वेगवेगळ्या नमुन्यांत येत. अमेरिकी लष्करातले एड गिलबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्यांसाठी एकच नमुना ठरवला. तो टेलेक्सवरून, म्हणजे टंकलेला मजकूर तारेनं पाठवणाऱ्या यंत्रावरून, पाठवता येई, फोनवर वाचूनही दाखवता येई. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं मर्म तिथंच आहे. तारा होत्या, फोनही होता. कुठल्या रकान्यात काय लिहायचं, एवढंच ठरलेलं नव्हतं.

गिलबर्ट पुढे ड्यूपाँ या रसायन कंपनीत गेले आणि तोच विचार त्यांनी वाहतुकीच्या कागदपत्रांना लावला. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या वाहतूक कंपन्यांनी एकत्र येऊन एक समन्वय समिती नेमली. तिची पहिली मानकं १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. १९७९ मध्ये अमेरिकी मानक संस्थेनं यासाठी 'एक्स १२' ही समिती स्थापन केली. खरेदीची ऑर्डर म्हणजे ८५०, बीजक म्हणजे ८१०, अशा क्रमांकांनी तिथले लोक आजही बोलतात. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या पद्धती जुळवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं 'एडिफॅक्ट' हे संगणकी संदेशांचं मानक आलं. १९८७ मध्ये त्याच्या व्याकरणाला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

हे संदेश फार काटकसरीचे असत. नावं गाळून फक्त मूल्यं, मधे तारांकन किंवा अधिकचं चिन्ह. कितवं मूल्य कशाचं, हे मानकाची पोथी उघडल्याशिवाय कळत नसे. हे संदेश पोचवणारी खासगी नेटवर्कं प्रत्येक कंपनीला एक टपालपेटी देत आणि मजकुराच्या प्रमाणात पैसे आकारत; म्हणून एकेक अक्षर मोजूनमापून वापरलं जाई. मोठ्या कंपन्यांना हा खर्च परवडला. त्यांच्या छोट्या पुरवठादारांना मात्र गिऱ्हाईक टिकवायचं म्हणून तो सोसावा लागला, आणि ही बाजू तंत्रज्ञानाच्या कौतुकात नेहमी राहून जाते.

१९९८ मध्ये एक्सएमएल ही माहिती लिहिण्याची नवी पद्धत आली आणि प्रत्येक मूल्यासोबत त्याचं नाव प्रवास करू लागलं. पुढे जेसन हे त्याहून सुटसुटीत रूप रुळलं. इंटरनेटमुळे खासगी नेटवर्कांचं भाडंही सुटलं. तरी बहुतेक व्यापाऱ्यांचं काम एक्सेलच्या फायलींवरच चाललं, कारण पाठवणाऱ्याचा 'पार्टीचं नाव' हा रकाना घेणाऱ्याकडे कुठे बसवायचा, हा करार कुणी केलेलाच नव्हता.

भारतात तो करार करविभागानं घडवून आणला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, पण देशात बीजकाचं एकच मानक नव्हतं. व्यापारी संघटना आणि सनदी लेखापालांच्या संस्थेशी चर्चा करून मसुदा तयार झाला आणि २० सप्टेंबर २०१९ ला गोव्यात भरलेल्या जीएसटी परिषदेच्या ३७ व्या बैठकीत त्याला मान्यता मिळाली. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बीजक, सक्तीचं झालं. ही मर्यादा टप्प्याटप्प्यानं उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली.

एक गैरसमज अजून ऐकू येतो, की हे बीजक सरकारी पोर्टलवर तयार होतं. तसं नाही. ते आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये बनतं, जेसन रूपात नोंदणी पोर्टलवर जातं आणि ६४ अक्षरी क्रमांक, डिजिटल सही व क्यूआर कोड घेऊन परत येतं. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बीजक क्रमांक यांवरून तो ६४ अक्षरी क्रमांक काढला जातो, म्हणून तेच बीजक दुसऱ्यांदा नोंदवता येत नाही. त्यातली माहिती पुढे विक्रीच्या विवरणपत्रात आणि ई-वे बिलात (मालवाहतुकीच्या परवान्यात) आपोआप उतरते.

करविभागाला हवं ते या मानकात चोख आहे. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०), मालासाठी एचएसएन कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक), मोजमापासाठी ठरावीक एककं. पण नोंद झालेलं बीजक पोर्टल स्वतःहून खरेदीदाराला पाठवत नाही. ते उतरवून घेण्याची सोय नंतर झाली. उतरवून घेतलं, तरी विक्रेत्याच्या यादीतला '८ एमएम बोल्ट' खरेदीदाराच्या स्टॉकमधली नेमकी कुठली वस्तू, हे एचएसएन कोडवरून कळत नाही. तो कोड कित्येक प्रकारच्या बोल्टांना एकच असतो. त्यासाठी दोघांच्या वस्तूंची जोडयादी करावी लागते, आणि ती अजूनही अकाउंटंटच हातानं तयार करतो.