राखीव सर्व्हरला काम कसं लागलं

महिनाअखेर आली की गोव्यातल्या वेर्ण्याच्या एखाद्या औषध कारखान्यात दोन खात्यांची जुंपते. अकाउंट्सवाल्यांनी साठ्याचा मोठा रिपोर्ट लावला की डिस्पॅचच्या स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहतं आणि गेटवर ट्रक खोळंबतात. त्याच वेळी मुंबईत किंवा पुण्यात त्याच कंपनीचा दुसरा सर्व्हर चालू असतो. इथली प्रत्येक नोंद काही क्षणांत तिथे पोचते, पण तिथे विचारायला कुणी जात नाही. इथला सर्व्हर कोसळलाच तर हाताशी असावा म्हणून तो ठेवलेला. मग रिपोर्ट त्याच्यावरच का लावू नये? प्रश्न साधा आहे, पण त्याचं धड उत्तर तयार व्हायला दशकाहून जास्त काळ गेला.

हे शक्य झालं ते लॉगमुळे. डेटाबेस कुठलाही बदल मूळ जागी पक्का करण्याआधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या क्रमवार वहीत, लिहून ठेवतो; वीज गेली, मशीन बंद पडलं, तर उठल्यावर तो लॉग पुन्हा चालवून हिशेब जुळवतो. या पद्धतीची शास्त्रशुद्ध मांडणी आयबीएममधल्या सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी 'एरीज' या नावाने १९९२ साली प्रसिद्ध केली. मोहन मूळचे आयआयटी मद्रासचे. आता जो लॉग पडलेल्या मशीनला उभं करतो, तोच दुसऱ्या मशीनवर सतत चालवत राहिलं की तिथे हुबेहूब प्रत तयार होते. स्टँडबाय, म्हणजे तो राखीव सर्व्हर, एवढंच: कधीही न संपणारी रिकव्हरी, पडल्यानंतरची सावरासावर.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला ओरॅकल या डेटाबेसच्या ७.३ आवृत्तीत हे आलं तेव्हा सगळं हातानेच चालायचं. लॉगची एक फाइल भरली की डीबीएने, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याने, लिहिलेली स्क्रिप्ट ती पलीकडे पाठवायची आणि तिथे लावायची, म्हणजे त्यातले बदल प्रतीत उतरवायचे. ती प्रत वाचण्यासाठी उघडायची सोय नव्हती. उघडायची ती मुख्य डेटाबेस गेल्यावरच, आणि एकदा उघडली की तिचं स्टँडबायपण संपलं. विम्याची पॉलिसी जशी कपाटात असते, तसा हा सर्व्हर.

सुरक्षेसाठी पाठवलेली प्रत पुढे वाचणाऱ्यांच्या कामी येणं गोव्याला काही नवीन नाही. लिस्बन आणि गोवा यांच्यातला सरकारी पत्रव्यवहार एकापेक्षा जास्त प्रतींत, वेगवेगळ्या जहाजांवरून जाई. एक बुडालं तरी मजकूर पोचावा म्हणून. पणजीच्या पुराभिलेखागारात साठलेल्या पोर्तुगीज दप्तरांतूनच इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेंकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उलगडला. जहाज सुटल्यानंतर घडलेलं काही त्या पत्रात नसणार, हे वाचणाऱ्याला पक्कं ठाऊक असे. स्टँडबायवर वाचणाऱ्यालाही नेमकं तेवढंच भान लागतं, आणि पुढची सारी धडपड हे जहाज किती मागे आहे याभोवतीच फिरली.

१९९९ च्या ओरॅकल ८आय मध्ये लॉग आपोआप जाऊ लागले आणि स्टँडबाय फक्त वाचण्यापुरता उघडता येऊ लागला. मेख अशी, की तो उघडा असेपर्यंत आलेले लॉग नुसते साठत राहायचे. त्यामुळे रात्री लॉग लावायचे आणि दिवसा कालपर्यंतचे आकडे वाचायचे, असा पाळ्यांचा संसार. व्यवस्थापनाच्या रिपोर्टांना ते चालून जाई. पुढे ९आय मध्ये या सगळ्याला डेटा गार्ड हे नाव मिळालं आणि 'लॉजिकल स्टँडबाय' आला. तो लॉगचं पुन्हा एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञा, करून चालवायचा, म्हणून उघडा राहू शकायचा. त्यावर वेगळे इंडेक्सही, म्हणजे लवकर शोधण्यासाठीच्या सूच्याही, टाकता यायचे. कागदावर फार देखणं. पण काही डेटाटाइप त्याला चालत नसत आणि लिखाण वाढलं की तो मागे पडे. माझ्या मते ती हुशारीची आडवाट होती. खरा रस्ता २००७ मध्ये ११जी सोबत आलेल्या ॲक्टिव्ह डेटा गार्डने मोकळा केला: एका बाजूने लॉग लागत राहणार, दुसऱ्या बाजूने लोक वाचत राहणार. फक्त एंटरप्राइज एडिशनवर त्याचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं. म्हणजे आधीच विकत घेतलेल्या मशीनला काम लावायचे पुन्हा पैसे.

वेबसाइटवाले मात्र याच ठिकाणी उलट्या बाजूने पोचले. २००० साली मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ३.२३ आवृत्तीत रेप्लिकेशन, म्हणजे एका मशीनचे बदल दुसऱ्यांवर उतरवत राहणं, आलं तेव्हा त्यांना विम्यापेक्षा वाचकांची गर्दी सांभाळायची होती. एका मशीनवर लिहायचं आणि स्वस्तातल्या पाचसहा मशीनवरून वाचायचं. सगळ्याच मशीनवर लिहू का देऊ नये, याचं उत्तर डेटाबेस-संशोधक जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्येच देऊन ठेवलं होतं: जिथे कुणीही कुठेही लिहितो, तिथे मशीन आणि रहदारी दहापट झाली की डेडलॉक, म्हणजे दोन व्यवहारांनी एकमेकांची वाट अडवून बसणं, हजारपट होतात.

पोस्टग्रेस या डेटाबेसला लॉग लागत असताना स्टँडबायवर वाचू देणं सप्टेंबर २०१० मध्ये, ९.० आवृत्तीत जमलं. तिथली एक गंमत बारकाईने पाहण्यासारखी आहे. स्टँडबायवर कुणाचा तरी तासाभराचा रिपोर्ट चालू आहे. तो सुरुवातीच्या क्षणाचं चित्र धरून बसलाय. तिकडे प्रायमरीवर, म्हणजे मुख्य सर्व्हरवर, व्हॅक्यूम या सफाईच्या कामाने जुन्या ओळी साफ केल्या, कारण तिथे त्या कुणालाच नको होत्या. ती सफाई लॉगमधून स्टँडबायवर येऊन थडकते. आता एक तर लॉग थांबवायचा, नाहीतर रिपोर्ट मारायचा. मूळ सेटिंगप्रमाणे स्टँडबाय जास्तीत जास्त ३० सेकंद कळ काढतो, मग क्वेरी, म्हणजे रिपोर्टने विचारलेला प्रश्न, रद्द. ती मुदत वाढवली तर प्रत शिळी होत जाते. ९.१ मध्ये स्टँडबायने प्रायमरीला 'या ओळी अजून लागतायत' असं कळवायची सोय आली. ती वापरली तर कचरा प्रायमरीवर साठतो. फुकट काहीच नाही, तिन्हीपैकी कुठलं दुखणं परवडतं ते ठरवायचं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये वाचता येणाऱ्या दुय्यम प्रती २०१२ च्या अव्हेलेबिलिटी ग्रुप या सोयीने दिल्या. त्याआधीच्या मिररिंग या पद्धतीत स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाचं गोठलेलं चित्र, काढूनच वाचावं लागे.

शिळेपणाचा फटका रिपोर्टला फारसा बसत नाही, काउंटरवर बसतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, कळंगुटचं हॉटेल. पाहुण्याने पैसे भरले, नोंद प्रायमरीवर झाली. रिसेप्शनवरची यादी रेप्लिकावरून, म्हणजे वाचण्याच्या प्रतीवरून, येते आणि ती चार सेकंद मागे आहे. नाव दिसेना, म्हणून मुलगी दुसऱ्यांदा नोंद करते. आपण लिहिलेलं आपल्याला तरी दिसलंच पाहिजे, ही अट झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९९४ मध्येच मांडली होती. ओरॅकलमध्ये सेशनला, म्हणजे एका वापरकर्त्याच्या जोडणीला, 'इतक्या सेकंदांहून जुनं नको' असं बजावता येतं. मागे पडलेला स्टँडबाय मग सरळ एरर देतो. पोस्टग्रेस ९.६ पासून स्टँडबायवर बदल दिसू लागेपर्यंत प्रायमरीला कमिट, म्हणजे बदल पक्का झाल्याची पोच, रोखून धरायला सांगता येतं. मात्र इथे अंतर आड येतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पणजी ते मुंबई सहाशे किलोमीटरची केबल धरली, तर नुसत्या जाण्यायेण्याला ६ मिलिसेकंद. प्रत्येक कमिटला.

आता कुठली क्वेरी कुठे पाठवायची हे कनेक्शन स्ट्रिंगमधूनच, म्हणजे डेटाबेसला जोडून घेण्याच्या पत्त्यातूनच, सांगता येतं. एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून दुय्यम प्रतींमध्ये आळीपाळीने वाटतो, आणि पोस्टग्रेसला जोडून देणारी लिबपीक्यू ही लायब्ररी १४ व्या आवृत्तीपासून आधी स्टँडबाय शोधू शकतं. क्लाउडवर तर २०१० पासून रीड रेप्लिका काही क्लिकमध्ये मिळते. सोय इतकी झाली की मूळ कामाचा विसर पडू लागला. दोन्ही सर्व्हर साठ-साठ टक्के भरलेले, आणि त्यातला एक गेला, तर उरलेल्यावर एकशेवीस टक्के येणार. म्हणून फेलओव्हरनंतर, म्हणजे काम उरलेल्या सर्व्हरकडे गेल्यावर, कुठले रिपोर्ट बंद ठेवायचे, ही यादी आधीच लिहिलेली असावी लागते. ती बहुतेक ठिकाणी नसते, आणि फेलओव्हरची चाचणी रविवारी सकाळी घेतात, जेव्हा एकही रिपोर्ट चालू नसतो.