अळंबी आधी वाळवा, मग पाठवा
डीएनए बारकोडिंगसाठी (डीएनएच्या छोट्या भागावरून जात ओळखण्यासाठी) नमुने पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पाऊस लागला की आमच्या प्रयोगशाळेत एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "आम्ही चांगली मोठी छत्री पाठवली होती, मग रिपोर्टमध्ये ट्रायकोडर्मा कसं आलं?" विचारणारे कधी स्पॉन (अळंबी लागवडीचं बियाणं) तयार करणारे असतात, कधी एमएस्सीचे विद्यार्थी, कधी सह्याद्रीतल्या अळंब्यांच्या नोंदी ठेवणारे हौशी निरीक्षक. उत्तर सगळ्यांना एकच द्यावं लागतं, म्हणून ते छापूनच देत आहोत.

छत्री तुम्ही पाठवली हे खरं आहे. पण ताजी, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पाठवली. ताज्या अळंबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. कोकणातून कुरिअर पुण्यात पोचायला दोन-तीन दिवस जातात आणि तेवढा वेळ ती बंद पिशवीत, जुलैच्या दमटपणात पडून राहते. आम्ही पिशवी उघडतो तेव्हा तळाला तपकिरी पाणी साठलेलं असतं. टोपीला बोट लावलं तर बोट आत जातं. टोपीखालच्या पातळ कल्ल्यांमध्ये माशीच्या अळ्या वळवळत असतात आणि देठाच्या तुटलेल्या टोकावर पांढरी तंतुमय बुरशी चढलेली असते, कडेकडेने हिरवी होत आलेली. ती हिरवी बुरशी म्हणजेच तुमच्या रिपोर्टमधलं ट्रायकोडर्मा. रिपोर्ट बरोबर आहे, नमुना बदलला आहे.

हे अळंबीच्या बाबतीतच इतकं का नडतं, ते समजून घ्या. झाडाच्या पानावर बुरशी आली तरी वनस्पतीसाठीचे प्रायमर (डीएनएचा ठरावीक भाग पकडणारे छोटे तुकडे) वापरून पानाचा डीएनए वेगळा वाढवता येतो. अळंबी मात्र स्वतःच बुरशी आहे आणि तिच्यावर चढलेलीही बुरशीच. आम्ही डीएनएतला आयटीएस हा छोटा भाग वाचतो, म्हणजे त्यातल्या चार प्रकारच्या घटकांचा (अक्षरांचा) क्रम लावतो. २०१२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने बुरशींचा बारकोड म्हणून तोच सुचवला, आणि बहुतेक अळंब्यांमध्ये तो साधारण पाचशे ते सातशे अक्षरांचा भरतो. त्यासाठीचे आयटीएस-१-एफ आणि आयटीएस-४ हे प्रायमर गवताचा, लाकडाचा डीएनए बहुतांशी टाळतात, पण ही बुरशी आणि ती बुरशी यांत निवड करत नाहीत. कुजलेल्या अळंबीतल्या डीएनएचे तुकडे झालेले असतात, नव्याने वाढणाऱ्या बुरशीचा डीएनए अखंड असतो. पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या, तीस-पस्तीस फेऱ्यांत जो अखंड तोच पुढे जातो.

कधी दोन्ही थोडेथोडे वाढतात, आणि ते आणखी वाईट. डीएनए वाचणाऱ्या यंत्रातून निघालेल्या स्वच्छ नमुन्याच्या आलेखावर चार रंगांची शिखरं एकेक करून सुटी उभी दिसतात, प्रत्येक शिखर म्हणजे एक अक्षर. मिश्र नमुन्यात प्रत्येक जागी दोन-दोन शिखरं एकमेकांवर चढतात. दोन माणसं एकाच वेळी बोलत असावीत तसं होतं, आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाही. असा आलेख आला की आम्ही त्यावरून नाव देत नाही. (दोन शिखरं दिसली म्हणजे दरवेळी भेसळच असं नाही. अळंबीच्या पेशीत दोन केंद्रकं असतात. दोन्हींच्या आयटीएसमध्ये एखाद्या अक्षराचा कमी-जास्तपणा असला तर त्या जागेपासून पुढचा आलेख बिघडतो. म्हणूनच आम्ही प्रत्येक नमुना दोन्ही टोकांकडून वाचतो. खर्च दुप्पट होतो, पण एरवी चांगला नमुना वाया गेला असता.)

आता कसं वाळवायचं ते. तोडलेल्या दिवशीच वाळवायला घ्या, "उद्या बघू" नको. आधी फोटो: वरून, खालून कल्ल्यांचा किंवा छिद्रांचा, उभा चिरून आतला, आणि शेजारी मोजपट्टी. कशावर उगवली होती तेही लिहा. वारूळ, आंब्याचं ओंडकं, शेणाचा ढीग, हिरवळ, यातलं काहीही चालेल पण लिहा. वाळल्यावर रंग आणि आकार दोन्ही जातात, मग आमच्या हातात नुसतं काळपट कातडं उरतं. जमलं तर अर्धी टोपी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवून रात्रीत बीजाणूंचा ठसाही घ्या. हिरवळीवर येणारी मोठी पांढरी क्लोरोफायलम मोलिब्डायटिस ठशाच्या हिरवट रंगावरूनच ओळखू येते आणि आमचा खर्चही वाचतो. ती विषारी आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मग अळंबी उभी चिरा आणि आतला पांढरा गर, तांदळाच्या दाण्याएवढे तीन-चार तुकडे, स्वच्छ चिमट्याने काढून कागदी पाकिटात घाला. बाहेरची साल नको, तिच्यावर माती आणि बाकी सगळं असतं. पाकीट ओल शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा आणि झाकण घट्ट लावा. सिलिका गुलाबी झाली की बदला. घरी फळं-भाज्या वाळवायचं यंत्र असेल तर चाळीस-पंचेचाळीस अंशांवर रात्रभर ठेवून उरलेली अख्खी अळंबीही वाळवा. तुकडा वाकवला की कटकन मोडला पाहिजे. नुसता वाकला तर अजून ओल आहे. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. फॉर्मलीनमध्ये तर मुळीच बुडवू नका, त्यातून डीएनए पुन्हा नीट मिळत नाही. कॉलेजच्या संग्रहातल्या बरण्या आमच्याकडे येतात आणि त्या परत पाठवताना आम्हालाही वाईट वाटतं.

वाळलेल्यातून डीएनए निघतो का, अशी शंका बरेच जण काढतात. उत्तम निघतो. लंडनमध्ये दुकानातून विकत घेतलेल्या चिनी पोर्सिनी या खाण्याच्या अळंबीच्या एका पाकिटातले १५ वाळके तुकडे तिथल्या क्यू वनस्पती-उद्यानाच्या संशोधकांनी तपासले आणि त्यांत शास्त्राला तोवर अनोळखी अशा तीन जाती सापडल्या. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. दुकानातला वाळका तुकडा एवढं सांगत असेल तर तुमचा काळजीने वाळवलेला नमुना नक्कीच सांगेल.

एका पाकिटात एकच अळंबी. दोन सारख्या दिसल्या तरी दोन पाकिटं, दोन क्रमांक, आणि क्रमांक पेन्सिलीने. शाईचा आकडा ओलीने फुटतो. इंककॅप प्रकारच्या अळंब्या रात्रीत वितळून काळं पाणी होतात. त्या जागेवरच चिरून सिलिकात घाला.

वारुळावरची अळंबी, म्हणजे गोव्यातल्या भाषेत अळमी, पाठवणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. तिचा, म्हणजे टर्मिटोमायसिसचा, नमुना उपटताना जमिनीत जाणारं लांब मूळ शक्य तेवढं फोटोत घ्या आणि गर टोपीच्या मध्यातून घ्या, कारण मुळाला वारुळातली माती आणि इतर बुरशी चिकटलेली असते. आमच्या रिपोर्टमध्ये कधी नुसतं "टर्मिटोमायसिस, जात अनिश्चित" असं येतं आणि ग्राहक नाराज होतात. जनुक-संग्रहांच्या फुकट मिळणाऱ्या शोधयंत्रात तोच क्रम टाकला तर वरच्या ओळीत काहीतरी पूर्ण नाव दिसतं, हे आम्हाला माहीत आहे. पण जनुक-संग्रहांतली सगळीच नावं तपासलेली नसतात. बुरशींच्या नोंदींत चुकीची नावं बरीच आहेत. आम्ही जुळणीची टक्केवारी, जुळलेली लांबी, युनाइट या बुरशींसाठीच्या संग्रहातला गट आणि तुमचे फोटो एकत्र पाहतो. जिथे आयटीएसने दोन जवळच्या जाती सुटत नाहीत तिथे तसं लिहितो आणि टीईएफ-१ किंवा आरपीबी-२ हे जनुक वाचायचं का, ते तुम्हालाच विचारतो. न विचारता बिल वाढवत नाही.

स्पॉनवाल्यांना हे विशेष उपयोगाचं आहे. "साजोर-काजू" नावाने विकली जाणारी करडी धिंगरी बहुधा प्लुरोटस पल्मोनॅरियस निघते. खरी साजोर-काजू लेंटिनस गटातली, चिवट आणि देठावर कडं असलेली. गॅनोडर्माचंही तसंच. "ल्युसिडम" हे नाव १७८१ मध्ये इंग्लंडच्या नमुन्यावरून पडलं, आणि चीनमध्ये लागवड होणारी लिंगझी वेगळी जात म्हणून २०१२ मध्ये नोंदली गेली. वेष्टनावर नाव छापण्याआधी मातृसंवर्धन (ज्यापासून स्पॉन बनतं ती मूळ बुरशी) एकदा तपासून घेतलं तर पुढची भांडणं टळतात. मात्र बारकोड जात सांगतो, वाण सांगत नाही. "माझं जुनं जास्त उत्पन्नाचं स्पॉन हेच का?" याचं उत्तर आयटीएसमध्ये नाही, त्या कामासाठी आम्ही पैसे घेणार नाही.

आणि खाण्याबद्दल: आमच्या रिपोर्टवरून कोणतीही रानातली अळंबी खाऊ नका. आम्ही नाव देतो, खाण्याची परवानगी देत नाही. कुणी खाऊन आजारी पडलं असेल तर आमची वाट न पाहता रुग्णालयात न्या आणि उरलेली अळंबी सोबत न्या.

कुजलेल्या नमुन्याचे पैसे परत का नाहीत, हेही विचारलं जातं. डीएनए काढायची रसायनं, पीसीआर आणि दोन्ही बाजूंचं वाचन यांचा खर्च नाव निघालं नाही तरी तितकाच होतो. म्हणून आता आम्ही पाकीट उघडल्यावर आधी नमुन्याचा फोटो तुम्हाला पाठवतो. कुजलेला असला तर काम सुरू करण्याआधी तुम्हाला सांगतो, आणि तुम्ही वाळवलेला दुसरा पाठवलात तर पहिल्याचं काहीही लागत नाही.

पाच किंवा जास्त नमुन्यांची मागणी आधी कळवलीत तर कागदी पाकिटं, सिलिकाची डबी आणि क्रमांकांच्या चिठ्ठ्या असा संच आमच्याकडून येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शोधनिबंध लिहिणाऱ्यांचा उरलेला वाळका नमुना आम्ही जपून परत करतो. नवी जात जाहीर करायची असेल तर तो मान्यताप्राप्त संग्रहालयात जमा करावा लागतो, आणि पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत तसा संग्रह आहे. पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी टाका. शुक्रवारी टाकलेलं रविवारभर गोदामात पडून राहतं.