काठमांडू (खोरं आणि त्यातली तीन शहरं)

काठमांडू ही नेपाळची राजधानी, चारी बाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात वसलेली. उंची साधारण १४०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा जेमतेम वर. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नेपाळ म्हटलं की घरातले लोक कापराच्या वड्या आणि कानटोप्या भरायला घेतात आणि श्वास लागेल का म्हणून विचारत बसतात. इथे काही श्वासबिस लागत नाही. हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ चांगली थंडी असते पण शहरात बर्फ जवळजवळ पडतच नाही, उलट त्या दिवसांत धूर आणि धूळ खोऱ्यात अडकून बसते, त्याचा त्रास जास्त. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात छान, हवा स्वच्छ असली की उत्तरेला हिमशिखरं दिसतात.

मुंबईहून निघणाऱ्या बहुतेक नेपाळ टूरमध्ये काठमांडूला दीड-दोन दिवस मिळतात. पशुपतिनाथ, बुढानीलकंठ (पाण्यात झोपलेला विष्णू), स्वयंभू (टेकडीवरचा बौद्ध स्तूप), मग ठमेल या बाजारपेठेत शॉपिंग, कुणाला हौस असेल तर कसिनो (तिथे नेपाळी नागरिकांना बंदी आहे, गर्दी आपलीच), आणि दुसऱ्या दिवशी बस पोखऱ्याकडे. यात वाईट काही नाही, पण अशाने हे शहर बघितलं असं म्हणता येत नाही, कारण मुळात हे एक शहर नाहीच. काठमांडू, पाटण आणि भक्तपूर ही तीन वेगवेगळी राज्यं होती. १४८२ मध्ये अख्ख्या खोऱ्याचा राजा यक्ष मल्ल वारला, पोरांमध्ये राज्य वाटलं गेलं आणि मग पुढची जवळपास तीनशे वर्षं भाऊबंदकी, लढाया आणि चढाओढ. त्याने एक देऊळ बांधलं की याने त्याहून भारी बांधायचं. शेवटी गोरखा या डोंगरी राज्याच्या पृथ्वीनारायण शहाने १७६८-६९ मध्ये तिन्ही जिंकून घेतली. भाऊबंदकीचा फायदा म्हणायचा तर आज आपल्याला तीन दरबार चौक (राजवाड्यासमोरचे देवळांनी भरलेले चौक) बघायला मिळतात. १९७९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या खोऱ्यातल्या सात ठिकाणांत हे तिन्ही चौक आहेत, बाकी चार म्हणजे स्वयंभू, बौद्धनाथ, पशुपतिनाथ आणि चांगुनारायण.

खोरं पूर्वी तलाव होतं. मंजुश्री या बौद्ध देवतेने तलवारीने चोभारजवळ डोंगर कापला आणि पाणी सोडलं अशी गोष्ट आहे, आणि भूगर्भवाले पण तलाव होता हे मान्यच करतात, तलवारीचं सोडून. बागमती आजही त्या चोभारच्या घळीतूनच बाहेर पडते. तलावाच्या गाळाची माती विटांसाठी उत्तम, म्हणून इथली जुनी घरं-देवळं सगळी तांबड्या विटांची आणि सालाच्या लाकडाची, पण तीच मऊ माती भूकंपात हादरे वाढवते. २५ एप्रिल २०१५ ला दुपारी बाराच्या जरा आधी ७.८ चा भूकंप झाला, नेपाळभर सुमारे ९००० माणसं गेली, काठमांडूतला जुना लाकडी काष्ठमंडप कोसळला, धरहरा मनोरा पडला. दोन्ही आता परत उभे आहेत. काही ठिकाणी टेकू आणि परांची अजूनही दिसतील, तर नाराज होऊ नका.

भक्तपूर काठमांडूपासून १३-१४ किलोमीटर. तिथे दिवसा जाऊन यायच्याऐवजी एक रात्र राहा, हे आमचं ठाम मत. टूरच्या बसेस गेल्या की चौक गावाचा होतो. सकाळी बायका पूजेचं ताट घेऊन फिरतात, म्हातारे पाटीवर (म्हणजे ओसरीसारखी सार्वजनिक बसायची जागा) ऊन खात बसलेले असतात. न्यातपोल हे पाच छपरांचं देऊळ भूपतींद्र मल्लाने १७०२ च्या सुमाराला बांधलं आणि ते १९३४ आणि २०१५ दोन्ही भूकंपांत टिकलं. पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंना राखणदार आहेत. सगळ्यात खाली दोन पैलवान, त्यांच्यावर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल (सिंहासारखा काल्पनिक प्राणी), सगळ्यात वर व्याघ्रिणी-सिंहिणी देवता. प्रत्येक जोडी खालच्या जोडीच्या दहापट ताकदीची मानतात, आणि पैलवानच मुळात साध्या माणसाच्या दहापट, तर करा हिशोब. आतली देवी सिद्धिलक्ष्मी, पण दार सगळ्यांसाठी उघडत नाही. खाली येऊन जुजु धौ खायचं, म्हशीच्या दुधाचं घट्ट गोड दही, मातीच्या वाडग्यात लावलेलं. माती पाणी शोषते म्हणून ते एवढं घट्ट होतं.

पाटणला (ललितपूर) १६३७ चं दगडी कृष्णमंदिर आहे, त्यावर रामायण-महाभारत कोरलंय, बघत बसलं तर तास जातो. पण मराठी माणसाने तिथे खरं विचारावं ते मच्छिंद्रनाथाबद्दल. हो, आपलेच नवनाथांतले, ज्यांच्या समाधीला लोक बीड जिल्ह्यात मायंब्याला जातात. इथली कथा अशी की गोरखनाथ नागांवर आसन मांडून बसले, बारा वर्षं पाऊस पडेना, मग राजा नरेंद्रदेवाने कामरूपहून (आसामातून) मच्छिंद्रनाथांना आणवलं. गुरू आले म्हणून चेला उठला, नाग सुटले, पाऊस पडला. त्यामुळे रातो मच्छिंद्रनाथ हा इथे पावसाचा देव, मूर्ती लाल रंगाची, आणि बौद्ध लोक त्यालाच करुणामय लोकेश्वर म्हणून पुजतात, कुणालाही त्यात अडचण वाटत नाही. वैशाखात त्याचा लाकूड-वेताचा साठेक फूट उंच रथ निघतो, कलत-डुलत, दोर ओढणारी गर्दी ओरडते, आणि गल्लोगल्ली थांबत हे महिनाभर तरी चालतं. मे महिन्यात शाळेच्या सुट्टीत जाणाऱ्यांना हा बहुतेक वेळा सापडतो, फक्त टूरच्या कार्यक्रमात नसतो.

पशुपतिनाथाला चामड्याचा पट्टा, पाकीट चालत नाही, आत फोटो नाही, मुख्य देवळात फक्त हिंदूंना प्रवेश. पुजारी कर्नाटकातले भट्ट. संध्याकाळी बागमतीच्या पलीकडच्या काठावरून आरती बघावी, समोर आर्यघाटावर चिता जळत असतात, तिथे मोबाईल खिशात ठेवा.

जायचं कसं: मुंबईहून थेट विमानं आहेत, तीन तासांच्या आत-बाहेर. स्वस्तात जायचं तर एलटीटीवरून (लोकमान्य टिळक टर्मिनस) कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून सोनौली बॉर्डर, पुढे बस, पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन हा प्रकार करू नये. व्हिसा लागत नाही, मात्र विमानाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, १५ ते ६५ वयाच्यांना आधार चालत नाही आणि याच कारणाने लोक एअरपोर्टवरून परत येतात. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून तोच. आपल्या शंभरच्या नोटा दुकानदार आनंदाने घेतात, मोठ्या नोटांचा नियम बदलत असतो, निघताना बघून घ्या. भाव सांगितला की 'आयसी की एनसी' विचारायचं, म्हणजे भारतीय की नेपाळी, नाहीतर रुद्राक्षाच्या माळेचे दीडपटीहून जास्त पैसे देऊन याल. मोमो खाताना बफ म्हणजे म्हशीचं मांस, नेवारी (खोऱ्यातल्या मूळच्या नेवार लोकांच्या) जेवणात ते सर्रास असतं, नको असेल तर आधीच व्हेज सांगा.