गणपतीला गावी जाणे (कोरोनाकाळ)

नोकरीधंद्यासाठी मुंबई-ठाण्यात राहणारे कोकणी चाकरमानी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला तळकोकणापासून रायगडपर्यंतच्या आपापल्या मूळ घरी जातात. २०२० साली चतुर्थी २२ ऑगस्टला आली. प्रवासावर निर्बंध असूनही ही प्रथा थांबली नाही. त्याच वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव, म्हणजे रक्तदान-प्लाझ्मादानाची शिबिरे, केला. मंडळाला ते जमले आणि घरांना जमले नाही, याचे कारण भाविकतेत शोधून सापडत नाही.

कोकणात गणपती माणसाचा नसतो, घराचा असतो. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, तरी अनेक कुटुंबांत मूर्ती एकच आणि तीही मूळ घरात; खर्च वाटून किंवा पाळीने. मुंबईच्या खोलीत दुसरी मूर्ती आणली म्हणून पाळी फिटत नाही. सोयरसुतक असेल तर गोष्ट वेगळी, एरवी खंड पडू द्यायचा नाही. शिवाय वर्षाची कामे याच दिवसांवर टाकलेली असतात: बंद घर उघडून कौले आणि वाळवी पाहणे, सामाईक जमिनीची बोलणी, नव्या सुनेचा गौरीचा ओवसा (गौरीपुढे सुपांतून वाण देण्याचा विधी). त्यात ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक छपरे उडवली होती.

प्रथेत आवरते घेण्याची सोय मात्र आहे. पूजेला एकजण पुरतो. पाच-सात दिवसांचा गणपती दीड दिवसावर आणता येतो. घरगुती मूर्तीला घातलेली दोन फुटांची मर्यादा बहुतेक घरांना जाचली नाही. माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीला, लागणारी कवंडळ, कांगले ही रानफळे आणि आंब्याचे टाळे (डहाळ्या) गावातच मिळतात. अडचण होती ती घरोघर फिरणाऱ्या भजनांची आणि फुगड्यांची. बंद माजघरात दाटीने बसून टिपेला गाणे म्हणजे संसर्गाला आमंत्रणच.

खरा घोळ दिवसांच्या हिशेबात झाला. काही गावांनी १४ दिवसांचे विलगीकरण धरून ७ ऑगस्टपर्यंत पोहोचायला सांगितले होते. राज्य शासनाने ते १० दिवसांवर आणले, म्हणून १२ ऑगस्ट ही तारीख आली. त्यानंतर निघणाऱ्यांना ४८ तास आधीची चाचणी लागे. एसटीत २२च प्रवासी घेत, पण तिला ई-पास, म्हणजे जिल्ह्याबाहेर जाण्याचा ऑनलाइन परवाना, लागत नसे. खासगी गाडीला तो लागे. कशेडी आणि खारेपाटणच्या जिल्हासीमेवरील नाक्यांवर तपासणी होई. पण दहा दिवस आधी रजा कोणाला मिळते? उशिरा आलेल्याचे विलगीकरण सणावर येई, आणि एकच न्हाणीघर, एकच संडास, रांधायला वयस्क आई अशा घरात ते कागदावरच राही. शाळेत किंवा पडवीच्या स्वतंत्र खोलीत, वेगळ्या ताटवाटीसह उतरवलेली माणसे अधिक सुरक्षित ठरत.

अनंत चतुर्दशी १ सप्टेंबरला झाली. आंतरजिल्हा ई-पास २ सप्टेंबरपासून रद्द झाला.